अप्पांनी ऐकलेलं 'लहान'

अक्काला शरणु शरणार्थी, पाया पडतो.

तर मागच्या पत्रात लिहिलं तसं अप्पांच्या गाठीचा तुकडा तपासायला दिलता, त्याचा निकाल आला. अप्पा दोन्ही वेळा भाकरी खातात, काळजी करू नको.

इथले नांदेडच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणले, प्रोस्टेटमधली ही गाठ 'स्मॉल सेल' कॅन्सरची हाय, लई क्वचित सापडती. अप्पा मला म्हणले, "इंग्लिश शाळेत घातलं ना तुला, सांग काय म्हणला त्यो." मी हौसेनं मराठी केली, "लहान पेशींची गाठ."

त्यांनी 'लहान' तेवढंच ऐकलं. "हात्तिच्या, लहान हाय व्हय!" म्हणून शेजारच्या खाटांवर चहा वाटला.

अक्का, लहान हायत त्या पेशी. दुखणं लहान न्हाई, लई झपाट्यानं पसरतं म्हणं. माझ्या बी.एस्सी.च्या पुस्तकात ही जातच न्हाई. डोकं चालंना.

उदगिरात पाण्याचा टँकर रोज येतो का? पाकिटावर नवा जिल्हा लातूर घातलाय, अप्पा अजून उस्मानाबादच म्हणतात.

आता ते सोमवारी गावाकडं निघायचं म्हणून राहिलेत, आटलेली विहीर खोल करायला. डॉक्टर म्हणतात, औषधाच्या सुया सोमवारीच सुरू करायच्या. खरं सांगितलं तर त्यांचं जेवण सुटंल, न्हाई सांगितलं तर ते नांदेडात थांबायचे न्हाईत. तुझ्या बसवंतानं काय करावं, अक्का, तुला काय वाटतं?