सवलतीवरची चार बोटं

श्रीरामपूर,
नोव्हेंबर १९९९

प्रिय एंजेला बाळ,

आजीचे लाख पापे घे. मिशनच्या शाळेत दुसरीपर्यंतच बसले, त्यामुळं अक्षर लावून लावून वाच. फोनवर मला सुचत नाही, त्या बूथमधला मीटर पळताना दिसला की अर्धं बोलणं तोंडातच राहतं. पत्र बरं, मध्येच गिऱ्हाईक आलं तर उठता येतं. इकडं थंडी पडलीय, चर्चला चुना लावतायत, आणि नाताळच्या फ्रॉकांपायी माझ्या कापडाच्या दुकानात पाय ठेवायला जागा नाही.

तू पप्पाला लिहिलंस, महेंद्रला नाताळला घरी आणते, आमचं ठरलंय. आणि पप्पानं उत्तर दिलं नाही म्हणून तू पुण्यात तोंड सुकवून बसलीस. मला सगळं ठाऊक आहे. त्यावर येते. आधी तुमच्या कामाचं, कारण ते मी सगळ्या बाजाराला सांगत सुटलेय.

त्या अमेरिकेच्या बुटांच्या दुकानानं तुमची ती लायब्ररी, म्हणजे तुम्ही लिहिलेला कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम, घेतली म्हणे! मी शेजारच्या बेलापूरच्या भागूबाईला, आपल्या जुन्या गिऱ्हाइकाला, सांगितलं, तिकडं लोक घरी बसून कॉम्प्युटरवर बूट निवडतात, आणि शेवटी बिल होताना कुणाला किती सूट द्यायची ते आमच्या एंजेलानं अन् महेंद्रनं लिहिलेलं बघून मशीन ठरवतं. ती म्हणाली, "मग घासाघीस कुणासंगं करायची गं बाई?" मी म्हटलं, त्याचीच तर सोय केलीय. दोन जोड घेतले तर एक सूट, जुनं गिऱ्हाईक असेल तर दुसरी, सणाची निराळी. कुठली आधी लागायची, कुठली दुसरीबरोबर चालायची नाही, ते ज्या त्या दुकानदारानं ठरवावं. रेडीमेड कपड्याच्या शिवणीत माया ठेवलेली असते ना, आपल्या अंगाप्रमाणं सैल करा नाहीतर घट्ट, तसं. तिला लगेच पटलं. पहिल्या वेळी सगळ्या सवलती एकदम लागून दुकानच गिऱ्हाइकाचं देणं लागत होतं, ते मात्र मी सांगितलं नाही. घरातल्या गोष्टी घरात.

मे महिन्यात तू त्याला "ऑफिसातला मित्र" म्हणून आणलंस. मी कुणाला किती सोडते ते बघत दोघं दुकानात बसून राहायचात. ऑफिसातला मित्र! तुझ्या चहात साखर किती लागते ते त्याला न विचारता माहीत. मी काय आंधळी आहे का गं?

तर परवा काय झालं. तुझा पप्पा शाळेतून थेट दुकानात आला आणि स्टुलावर बसला. लहानपणी रुसला की असाच येऊन बसायचा. मग आपणहून बोलला, "आई, मुलगा जामखेडचा, बौद्ध घरातला. चर्चच्या मंडळीत काय सांगू? आणि मला तो माणूस म्हणून कसा आहे, ते तरी कुठं माहीत आहे?" मी काही बोलणार, तेवढ्यात भागूबाई पायरी चढली आणि पहिला सवाल, "तुमचं ते कॉम्प्युटरवालं पोरगं आलं न्हाई का?"

तुला ठाऊकच आहे, मे महिन्यात मी प्रार्थनेला गेले तेव्हा महेंद्र दुकानाच्या गादीवर बसला होता. भागूबाईला परकराचं कापड त्यानं अगदी मीटरला मीटर लावून कापलं. आपण मोजून झालं की वर चार बोटं सोडून मग कात्री लावतो, हे त्याला कुठून माहीत? मी आल्यावर सांगितलं तर चेहरा केवढासा झाला. पण पुढं बेलापुरात काय घडलं, ते त्यानं मला कधी सांगितलं नाही. ते भागूबाईनं पप्पासमोर सांगितलं. "मास्तर, हे पोरगं भर उन्हात भाड्याची सायकल मारत माझ्या दारात. हातात चार बोटांची सुटी पट्टी! म्या म्हनलं, बाबा, हिचं काय करू, बाहुलीला लुगडं नेसवू? तर म्हनतो, मावशी, तुमच्या हक्काचं हाय, माझ्याकडनं मागं राह्यलं हुतं. लई हसले. जेवल्याबिगर सोडलं न्हाई त्याला."

बाळ, तुझा पप्पा हसला. आधी ओठात, मग खांदे हलायला लागले, मग चष्मा काढून डोळे पुसले. "सुटी पट्टी!" एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होता.

भागूबाई गेली. तो उठला, ताग्यांवरनं हात फिरवत फिरवत फिकट निळ्या चौकडीच्या कापडापाशी थांबला. "आई, एका शर्टाचं काढ. नाताळसाठी." कुणासाठी ते मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. मी मोजलं, कात्री उचलली, तर माझा हात धरून म्हणतो, "वर चार बोटं सोड. आणि जोडून, हं!" तुझ्या पत्राचं उत्तर तो लिहील तेव्हा लिहील, मास्तर लोकांना शुद्धलेखन तपासल्याशिवाय पत्र टाकवत नाही. मी मात्र आजच लिहायला बसले, कारण शिंपी नाताळच्या कामानं बुडालाय आणि कापड त्याच्याकडं नुसतं पडून आहे. तेव्हा महेंद्रच्या गळ्याचं आणि बाहीचं माप उलट टपाली पाठव.

माप येण्याची वाट बघणारी,
तुझीच
मरियम आजी