जपून ठेवलेला अर्ज

२ मार्च, सोमवार. सकाळी ११.१०
ईमेल आला. ‘कळवण्यास खेद वाटतो’ वगैरे. पण पुढे बघा: ‘आपला अर्ज आमच्या फायलीत जपून ठेवला आहे.’ म्हणजे नकार नाही. नकारच द्यायचा तर अर्ज कशाला जपतील? बायकोला सांगितलं, वेटिंगवर आहे. ती म्हणाली, एकोणपन्नासाव्या वर्षी कसलं वेटिंग? तिचा भाऊ माझ्या होकारासाठी महिनाअखेरपर्यंत थांबणार आहे. त्याच्या नळ-बेसिनच्या दुकानात काउंटर सांभाळायचं. मी! अठरा वर्षं अ‍ॅडमिन सांभाळलेला माणूस! कंपनी बंद पडली म्हणून काय कमोड विकू?

३ मार्च
इंटरव्ह्यू पुन्हा आठवला. उत्तमच झाला होता. पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता, या प्रश्नावर मी थेट मोठ्या साहेबांच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. शेजारच्या बाईंनी लगेच काहीतरी लिहून घेतलं. छाप पडली.

४ मार्च
संकल्प: पाचला उठणे. चालणे. एक्सेल. चिडचिड बंद.

५ मार्च
साडेआठला उठलो. एक्सेल उघडत नाही. मुलीवर ओरडलो.

९ मार्च, सोमवार
फोन केला. साहेब मीटिंगमध्ये. रिसेप्शनिस्टने नाव विचारलं, तेही स्पेलिंगसकट! फाइल उघडून बसली असणार. मुलगी म्हणाली, बाबा, ते वाक्य सगळ्यांनाच पाठवतात. म्हटलं, मला शिकवू नकोस. आमच्या ऑफिसचं नकाराचं पत्र मीच लिहिलेलं, त्यातही हेच वाक्य होतं. पण आमचा कारभार वेगळा. ही कंपनी शिस्तीची आहे.

१६ मार्च, सोमवार
साहेब मीटिंगमध्ये. केवढं काम पडतं या माणसावर! हाताखाली कोणीतरी लागणारच.

१७ मार्च
‘इंटरव्ह्यू कसा घ्यावा’ यावर त्यांना सात सूचना लिहिल्या. पहिली: उमेदवाराला आधी पाणी विचारावे. मुलगी म्हणाली, हात जोडते, पाठवू नका. पाठवल्या. पुढाकार दिसला पाहिजे.

२३ मार्च, सोमवार
नाव सांगायच्या आतच रिसेप्शनिस्टने ओळखलं. साहेब मीटिंगमध्ये. मागे कोणीतरी खो-खो हसत होतं. वातावरण खेळीमेळीचं दिसतंय.

२६ मार्च
जेवताना बायकोने सहज विचारलं, तुमच्या ऑफिसात ती फाइल कुठे ठेवायचे हो? म्हणालो, कपाटात.
फाइल नव्हतीच. महिनाअखेरीस सगळे अर्ज रद्दीत जायचे, गठ्ठा मीच बांधायचो. एक गृहस्थ दर सोमवारी फोन करायचे. साहेब मीटिंगमध्ये आहेत, असं मीच सांगायचो. साहेब समोर चहा पीत असायचे. तीन महिन्यांनी त्यांचे फोन थांबले तेव्हा मी म्हणालो होतो, लागली वाटतं कुठेतरी नोकरी.
त्यांचं नावसुद्धा आठवत नाही. फार वाईट वाटलं.

३० मार्च, सोमवार
फोन केला नाही. दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि मेव्हण्याच्या दुकानात गेलो. काउंटरवर एक अनोळखी माणूस गिऱ्हाइकाला नळाचे वॉशर दाखवत होता. चांगला बोलत होता. मेव्हणा म्हणाला, भावजी, उद्यापर्यंत थांबलोच असतो, पण कमोड विकणार नाही म्हणालात असं ताईकडून कळलं. हा शनिवारपासून येतोय. पुढेमागे काही निघालं तर तुमचं नाव आहेच डोक्यात.
मी विचारलं, अर्धा दिवस चालेल का? विचारायला नको होतं. तो म्हणाला, बघू. आणि माझ्यासाठी खुर्ची मागवली. बसलो नाही.
भिंतीवर विकायचे आरसे ओळीने लावलेले. सगळ्यांत मीच. दुकान माझं असतं, तर आरशातल्या या माणसाला मीही घेतलं नसतं.