चाळीसची पाटी आणि माझी टोपी

माननीय केरिमकुल दाजी यांस,

मेहुणा तुगानबाय याचा आदरपूर्वक सलाम. आपली कंबर, ताईचे गुडघे आणि लंगडी घोडी, तिघांची खुशाली कळवावी. आम्ही सगळे जिवंत आहोत, हीच इथली मोठी बातमी समजा.

आमच्या दारावरून सरोवराकडे जाणारा रस्ता आपण जाणताच. पलीकडे शाळा, अलीकडे आम्ही, आणि मधून बिश्केक शहरातले लोक पाण्यात पाय बुडवायच्या घाईत. (सरोवर कुठं पळून जाणार होतं, देव जाणे.) नात नुर्जादा सातची झाली, रोज दोनदा तो रस्ता ओलांडते. वेगमर्यादेची साठची पाटी होती, सगळे नव्वदने जात. अर्ज करकरून मी चाळीसची लावून घेतली, तरी सगळे नव्वदनेच. मग वीसची लावली. ती दोघा-चौघा पापभीरूंनी पाळली, आणि त्यांना मागे टाकायला बाकीचे उलट्या बाजूने, थेट शाळेच्या फाटकाशी येऊ लागले! रोग परवडला पण औषध नको. पुन्हा चाळीस.

शेवटी आमची साल्किन वैतागून म्हणाली, "अहो, पत्र्याला कोण भितंय? तिथं माणूस बसवा." माणूस म्हणजे मीच, दुसरा कोण रिकामा आहे? रेल्वेतली जुनी टोपी घातली, घोडीच्या दुधाचा कुमिस घुसळायची रवी वेग मोजायच्या यंत्रासारखी रोखली आणि कडेला बसलो. आमच्याकडे माणूस सख्ख्या शेजाऱ्याशी बोलणार नाही, पण समोरच्या परक्या गाडीला 'पुढे पोलीस आहे' म्हणून दिवे मारल्याशिवाय त्याला घास गिळत नाही. दोन किलोमीटर आधीपासून गाड्या गोगलगाय! एकाने तर काच खाली करून सांगितलं, "साहेब, अडतीसच होता हो, आईशप्पथ!" मी रवीकडे बघून म्हटलं, "एकोणचाळीस. जा, सोडतो या वेळी."

आठवडाभरात एकच करडी गाडी तशीच भरधाव गेली. असो. रविवारी मेंढी कापतोय, ताईला घेऊन अवश्य यावे.

आपला,
तुगानबाय

ता. क. : करडी गाडी आपली होती. आपण टोपी ओळखलीत, हॉर्न वाजवलात, हसून हातही केलात. मी तेव्हा नुर्जादाला घेऊन रस्त्याच्या मधोमध होतो. दंडाला धरून मागे ओढली, बूट तिथेच राहिला. मला गाडी आपणच शिकवलीत, वडीलधारे आहात, तोंडावर बोलवत नाही, म्हणून हा कागद. फार राग आलाय, दाजी.

आणखी एक : पोरीने विचारलं, "ते आपले आजोबा होते का?" मी नाही म्हणालो. रविवारी कृपा करून बसने या.