पावलं मोजणारं घड्याळ

अहो,

गाडी लवकरची आहे, म्हणून तुम्हाला उठवलं नाही. दूध तापवून ठेवलंय. मी गल्लीतल्या बायकांबरोबर डोंगरावर निघालेय, परवा संध्याकाळी येते. "या वयात हे काय खूळ," असं काल तुम्ही पेपरामागून पुटपुटलात ते ऐकलं मी. पण डोंगरांचं हे खूळ माझ्या डोक्यात भरवलं कोणी?

पावलं मोजणारं घड्याळ तुमच्या उशाशी आहे. तुम्ही जिन्यात पडल्यापासून ते मीच हातात घालून घरभर फिरत होते. तिकडे लेकीला फोनवर तुमच्या नावाने आकडा दिसावा, तिच्या जिवाला घोर नको, म्हणून. आपण दोघं हसायचोही त्यावर. पण काल ती म्हणाली, "बाबा आता मस्त चालतायत, मग मी या सुट्टीत नाही आले तरी चालेल ना?" तेव्हापासून मला घास गोड लागत नाही.

आता ते तुम्हीच घाला. फाटकापर्यंत गेलात तरी पुष्कळ झालं. भीती वाटते हे मला कळतं. शेजारचे मास्तर संध्याकाळी हाक मारतील, त्यांना नाही म्हणू नका. काठी शोधत बसू नका, ती मी नेलीय. डॉक्टरांनी तुम्हाला कधीच सोडायला सांगितलीय.

चाललात तर तुम्ही बरे व्हाल, नाही चाललात तर लेक मिळेल त्या गाडीने येऊन थडकेल. माझं दोन्हीकडून भलंच आहे.

तरी बूट पुसून दाराशी ठेवलेत.