आमची गल्ली कोरडी झाल्याबद्दल

ती. शंकरप्पा दाजी यांस,

मेहुणा गुरु याचा शरणु शरणार्थी. आपले गुडघे, अक्काची शुगर आणि म्हशीचा स्वभाव पूर्ववत असावा. (फोनवर आपण नुसतं 'हूं' म्हणता, म्हणून पत्र.)

प्रथम एक राष्ट्रीय हानी कळवतो. नव्या पेठेत घासाघीस करून घेतलेली माझी डाव्या पायाची चप्पल गेली. पंधरवड्यापूर्वी तासभर पाऊस पडला, दारातल्या गटाराच्या चेंबरचं झाकण उचललं गेलं आणि आतला मैला चप्पल घेऊन निघाला. उजवी पाटावर ठेवली आहे. पादुकांच्या नावानं राज्य चालवायची आपल्याकडे परंपराच आहे.

महापालिकेत तक्रार केली. मुख्य वाहिनी गाळानं तुंबली आहे. ती उपसली की घाण शुद्धीकरण केंद्राकडे जाईल. (हे आमच्या मांजरालाही कळतं.) तिथल्या साहेबांनी मात्र चेंबरला भोक पाडून मागच्या नाल्यात जाडजूड पाईप सोडला. गल्ली कोरडी. वास गेला. शेजारच्या मथुराबाईंनी साहेबांना शाल दिली आणि मला (संस्कृत शिकवतो या अपराधाबद्दल) दोन मंत्र म्हणायला लावले. कन्यादानाचेच शोभले असते: पाईप नाल्याला दिला, नाला सीना नदीला, आणि सीना तुमच्या गावाला. अंघोळीच्या बादलीत सात नद्यांना बोलावणारी माणसं आम्ही. घरची नदी मात्र बादली रिकामी करायला.

चप्पल शोधत नाल्यापाशी गेलो तेव्हा हे दिसलं. तसाच कार्यालयात गेलो.

"गुरुजी, तुमच्या दारात आता घाण हाय का?" साहेब.

"नाही. पण खाली माझ्या बहिणीचं गाव आहे. नदीकाठच्या विहिरीचं पाणी त्यांच्या नळाला येतं."

"मग बाधित ते. तुमी न्हाय. त्यांनी अर्ज करावा की."

दाजी, त्यानंतर मी जे शब्द वापरले ते कुठल्याच कोशात नाहीत. आपल्या जनावरांच्या बाजारात शिकलो होतो. मथुराबाई तर दारात येऊन सांगून गेल्या, "पाईप बंद केलासा तर घाणीची पहिली बादली तुमच्या उंबऱ्यात ओतीन." शाल वाया जाईल ना.

अक्काला नमस्कार, म्हशीला लांबूनच.

आपला,
गुरु

ता. क. : बाधित म्हणून अर्ज आपणच करा, ग्रामपंचायतीचा ठराव जोडा. नुसतं 'पाईप बंद करा' नको, 'वाहिनी उपसा' असं लिहा. आमच्या गल्लीचं नाव घाला. माझंही घातलंत तरी चालेल.

आणखी ता. क. : काल अक्का फोनवर बोलता बोलता म्हणाली, नातीला, राजनंदिनीला, सोमवारपासून जुलाब होतायत, ओल्या शेंगा जास्त खाल्ल्या असतील. शेंगा तर आपण सगळेच पोटभर खात आलो, दाजी. आमची गल्ली कोरडी झाली ती त्याच्या आदल्या गुरुवारी. पत्र घेऊन माझा आदिनाथ गाडीवरून येतोय. अक्काला आणि पोरीला त्याच्याबरोबर लगेच पाठवा, डॉक्टरांशी बोलून ठेवलंय. बाकीच्यांनी पाणी उकळून प्या. मला फार भीती वाटते आहे.