मॉनिटर चालू आहेत, मीसुद्धा

मी, श्रीमती यशोदा वेणीमाधव देगावकर, वय वर्षे एकाहत्तर, सेवानिवृत्त भौतिकशास्त्र प्राध्यापिका, राहणार जुळे सोलापूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि ठिकाणावर असलेल्या डोक्याने लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो मिळवण्याची खटपट माझे एकुलते चिरंजीव आशिष यांनी केली. त्यांचा उद्देश उलटा होता, एवढेच.

कलम १. पुढच्या खोलीतले जुने मॉनिटर माझ्या मालकीचे आहेत. आमच्या कॉलेजने मार्चअखेर निधी संपवायचा म्हणून नवे घेतले, हे निर्लेखित केले आणि लिलावाला माझ्याशिवाय कोणी फिरकले नाही. बहुतेकांचे दुखणे किरकोळ होते. कुठे केबल सैल, कुठे कपॅसिटर फुगलेला. मी ते बदलत गेले आणि मॉनिटर खेड्यांतल्या शाळांना देत गेले. माझ्या दिवंगत यजमानांची एकच अट असे, "निदान पलंगावर ठेवू नकोस."

कलम २. गेल्या वर्षी माझे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. त्यासाठी आशिष आणि सूनबाई उत्कर्षा पुण्याहून आले. मी दवाखान्यात असताना आशिषने सगळे मॉनिटर भंगारात घातले, कारण बिल्डर घर बघायला येणार होता.

"आई, किती जुने होते ते!"

"माझ्या डोळ्यातले भिंगही जुनेच होते. ते बदललेत. मला भंगारात नाही घातलेत."

"तसं नाही गं," असे तो म्हणाला. मग कसे, ते आजतागायत सांगितलेले नाही.

दुसऱ्या दुपारी मी काळा चष्मा लावून भंगारवाल्याकडे पोचले. तो म्हणाला, "अम्मा, ये तो मरे सो माल है." मी विचारले, "मेलाय कशावरून? प्लग कुठं आहे?" पहिलाच मॉनिटर लख्ख लागला. सगळे परत विकत घेऊन मी टेम्पोने घरी आणले. दारात टेम्पो बघून आशिषने डोक्याला हात लावला आणि आईच्या डोक्यावर परिणाम झाल्याचे ठरवले.

त्याने मला डॉ. महेश्वर चडचणकर यांच्याकडे नेले. डॉक्टरांनी आजचा वार विचारला, मी सांगितला. ते टाइप करू लागले आणि त्यांचाच पडदा काळा झाला.

"गेला वाटतं. नवाच घ्यावा लागणार," डॉक्टर म्हणाले.

मी मोबाइलचा टॉर्च लावून तिरका धरला. काळ्या पडद्यावर पुसट अक्षरे दिसली. "पडदा शाबूत आहे, डॉक्टर. मागचा दिवा गेलाय. तेवढाच बदला."

डॉक्टरांनी आधी माझ्याकडे आणि मग चिरंजीवांकडे पाहिले. "आईंना काही झालेलं नाही. तुम्हाला झोप नीट लागते ना?"

कलम ३. पुढच्या खोलीतले मॉनिटर आणि माझी सोल्डरिंगची व तपासणीची सर्व हत्यारे मोडनिंबच्या प्रियंकाला द्यावीत. ती तिथे ऑनलाइन फॉर्म भरण्याचे केंद्र चालवते. तिची आई केराबाई एकदा मॉनिटर चादरीत गुंडाळून घेऊन आली. "बाई, पडदा लागतोय आन् लगीच जातोय की! नवा घ्या म्हनत्यात समदी." मी लेकीला धाडायला सांगितले. प्रियंका आली, शिकली, आता माझ्या चुका काढते. शाळांच्या मॉनिटरांची निगा तिनेच राखावी. ब्राइटनेस निम्मा ठेवावा, काम नसेल तेव्हा पडदा बंद करावा, पुसायचे औषध थेट काचेवर फवारू नये. जाड पाठीच्या जुन्या मॉनिटरचे झाकण हौशी माणसाने उघडू नये. प्लग काढला तरी आतला झटका शिल्लक असतो. तेवढा त्याचा आणि माझा स्वभाव सारखा.

कलम ४. घर आशिषला. दचकू नये. मात्र पुढच्या खोलीत दुरुस्तीचे काम करण्याचा हक्क प्रियंकाला तहहयात राहील. ती तिशीची आहे आणि तिची आजी नव्वदीत शेळ्यांमागे हिंडते. बिल्डरला हे कळवावे.

कलम ५. आशिषने दिवाळीला भेट दिलेला मोठा टीव्ही आशिषलाच परत. वॉरंटी संपताच तो बंद पडला. कंपनीचा माणूस म्हणाला, पॅनेल गेले. पॅनेल गेलेले नाही, आतली एलईडीची पट्टी गेली आहे. मला दुरुस्त करता येते. करणार नाही.

कलम ६. माझी सर्व बचत आणि दागिने सून उत्कर्षाला. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. कारण सांगते. भंगारवाल्याकडे मला स्कूटरवरून तिनेच नेले. आशिषला तिने सांगितले, "आईंना डोळ्यात थेंब घालायला दवाखान्यात नेते." टेम्पोत मॉनिटर चढवताना तिचा दुपट्टा पत्र्यात अडकून फाटला. घरी येताना कोपऱ्यावर मला टेम्पोत बसवून म्हणाली, "आई, यांना सांगू नका हं." मी जिवंत असेपर्यंत सांगणार नाही.

आशिष, हे वाचून होईल तेव्हा ती तुझ्या शेजारीच बसलेली असेल. तिच्याकडे बघ. आणि काही बोलू नकोस.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. कोणी दाखवलेच तर आधी अक्षर तपासावे. वरील मजकूर मी वाचला, तो माझाच आहे आणि त्यातला एकही शब्द मला मागे घ्यायचा नाही.

ठिकाण : सोलापूर
दिनांक : ९ डिसेंबर २०२४

सही
यशोदा वेणीमाधव देगावकर

लिहून देणार यांनी आम्हा दोघांसमक्ष सही केली आणि आम्ही त्यांच्यासमक्ष :
१. डॉ. महेश्वर चडचणकर (सही)
२. अजिनाथ बोरामणीकर, शेजारी (सही)