झाकणाखाली विसरलेली काच

आई,

तुला नमस्कार, आणि बाबांच्या नव्या गुडघ्यालाही. चालतायत का? की नुसतेच चिडतायत?

मी वेळेवर जेवते, काळजी नको.

इथे एक गंमत झाली. बाबांच्या ऑपरेशनच्या दिवशी मी फोन कानाला लावून प्रयोगशाळेबाहेर बसले आणि सोलर सेलची काच झाकणाखालीच विसरले. एरवी मी काचेवरचा ओला थर झटपट वाळवते. या वेळी तो सावकाश वाळला. त्यातले केसाहून हजारपट बारीक धागे आपोआप नीट जुळले आणि विजेला वाट मिळाली. एवढी वीज आजवर कधीच आली नव्हती! आता माझी इथली संशोधनाची मुदत वाढेलसं वाटतंय.

सरांनी विचारलं, "वेगळं काय केलंस?"

म्हटलं, "बाबा शुद्धीवर यायची वाट बघितली."

तुझी धांदरट लेक